ठेवतो, अप्पा!

"आपला आनंद तिकडं जर्मनीत भर कार्यक्रमात मधीच थांबला म्हणं, अन् मग लोकांनी..."

सुमन टीचर एवढं बोलल्या आणि गिरणी सुरू झाली. ज्वारीच्या घरघरीत पुढचं सगळं गेलं. टीचरचे नुसते ओठ हलताना दिसत होते, डोळे मोठे झालेले. गिरणी थांबली तोवर त्या डबा उचलून हैदराबादच्या बसला पळाल्या होत्या. मुलीकडे बाळंतपण! आणि आमच्या मैलुरात जिचा नंबर माझ्याकडे नाही अशी ही एकच बाई.

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो. आमच्या दारात लाल माती साचते तसे ते साचतात. सकाळी झाडलं तरी संध्याकाळी परत आहेच. त्यातून माझं घर आनंदच्या घराला भिंतीला भिंत लावून. म्हणजे माझा काही दोष नाही, ऐकू येतं!

*

आनंद म्हणजे शेजारच्या अप्पांचा मुलगा. अप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. ओरडायची त्यांना कधी गरज पडली नाही. नुसतं खोकायचे. "ख्हं!" की सगळी कचेरी फायलीत तोंड खुपसायची. रिटायर झाले, खोकला मात्र नोकरीवरच राहिला.

आनंद जयंतीच्या बँडमधे वाजवायचा तोवर ठीक होतं. मग हैदराबादला गेला आणि तिथून गिटार आणि जॅझ नावाचं काहीतरी घेऊन आला. मी विचारलं, "हे काय असतंय रे?"

"अक्का, पुढं काय वाजवायचं ते ठरवायचं न्हाई. ऐन टायमाला सुचंल ते."

"मग ते आपल्या नळाला रोजच हाय की!"

तो वाजवायला बसला की आतल्या खोलीतून "ख्हं!" यायचं. लगेच हात थांबायचा. "ठेवतो, अप्पा." गिटार खोक्यात. इतक्या वर्षांत अप्पांनी पोराची एक धून शेवटपर्यंत ऐकली नाही. त्याची आई, ताराअक्का, मला एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "शकू, मला सोनं नको, बंगला नको. ह्यांनी त्याचं एक तरी पुरं ऐकावं, बस."

मी म्हटलं, "सोनंच माग. लवकर मिळंल."

*

मग आनंदचा नवा अल्बम निघाला. वर कव्हरला फोटो, आमच्या गच्चीवरून काढलेला. लांब किल्ल्याची भिंत, वर निळं आभाळ, आणि मधोमध, अगदी नवरीसारखी, दोरीवर वाळत घातलेली माझी मॅक्सी! तीही बाहीला ठिगळ असलेली.

"आनंदा, सांगायचं तरी की रे! इस्त्रीची साडी टाकली असती."

"अक्का, तीच तर ओरिजिनल हाय!"

गल्लीत अल्बम कुणाला कळला नाही. "गाणं कुठंय? नुसतं टिंगटिंगच की!" पण मॅक्सी सगळ्यांनी ओळखली. मी अजून हैदराबादचं विमानतळ आतून बघितलं नाही, आणि माझं ठिगळ पाच देश फिरून आलं.

*

जर्मनीचं बोलावणं आलं तेव्हा समाजमंदिरात निरोपाचा कार्यक्रम ठेवला. आनंद अल्बममधली एक धून वाजवणार होता. आणि काय सांगू, अप्पा स्वतःहून पहिल्या रांगेत येऊन बसले! ताराअक्कानं माझा हात असा दाबला की बांगडी पिचली.

पण आमच्याकडे गाणं मोठं की सत्कार? सत्कारच! धून जरा रंगात आली की मंडळाचे अध्यक्ष माईक ओढणार, "कलाकाराला एक मिनिट थांबवायलो, नगरसेवक साहेब आलेत." शाल. नारळ. परत सुरुवात. परत थांबा, महिला मंडळ आलंय. शाल. नारळ. शेवटी पोराच्या अंगावर एवढ्या शाली झाल्या की त्याला गिटारीच्या तारा सापडेनात. हिवाळ्यात घोंगडी विकायला बसल्यासारखा दिसत होता.

तरी गडी वाजवत होता. अप्पा मान हलवतायत की काय, असं मला वाटलं. तेवढ्यात अध्यक्ष गरजले, "आता कलाकाराच्या वडलांचा सत्कार!"

अप्पा उठून स्टेजवर गेले. टाळ्या, फोटो, चहा, पोहे. धून तशीच राहिली. ताराअक्का नारळ गोळा करत बसली.

*

जाताना गल्लीनं बांधून दिलेलं सामान गिटारीपेक्षा जड होतं. शेंगाची चटणी, ठेचा आणि माझ्याकडच्या कडक भाकऱ्या. आनंद म्हणाला, "अक्का, तिकडं जेवण मिळतंय."

"मिळतंय, पण जेवल्यासारखं वाटतंय का?"

तिकडून फोन आला. त्याच्याबरोबरच्या ड्रमवाल्या गोऱ्यानं भाकरी बघितली, दोन बोटांवर धरली आणि काठीनं वाजवली. आवाज आवडला म्हणे! दोन कार्यक्रम तिच्यावर वाजवून तिसऱ्याला खाल्ली.

आमच्याकडे असं होत नाही. आम्ही आधी खातो.

*

असं सगळं गोड चाललं होतं, आणि मग ती गिरणीतली बातमी. टीचरचा भाचा तिकडेच शिकायला, म्हणजे बातमी खोटी म्हणायची सोय नाही. 'अन् मग लोकांनी' काय केलं, ते मात्र गल्लीनं आपापल्या मगदुराप्रमाणे भरलं. दूधवाला म्हणाला, अंडी मारली. अध्यक्ष म्हणाले, तिकिटाचे पैसे मागितले. एक जण तर म्हणाला, पोलीस आले. मी फक्त एवढंच म्हटलं होतं की टमाटे मारले असतील. तिकडे टमाटे महाग असतात हे मला काय ठाऊक!

ताराअक्कानं फोन लावला. आनंद हसला आणि म्हणाला, "आल्यावर सांगतो." झालं! आईचं जेवण सुटलं.

दुसऱ्या दिवशी नळावर अप्पा आले. जे कधी घागरीला हात लावत नाहीत, ते घागर घेऊन!

"शकू, गिरणीत काय म्हणायलेत लोक?"

"कामून अप्पा? तुम्हाला काय त्याचं? तुम्हाला तर पयलेपासून ते टिंगटिंगच वाटतंय."

घागर भरून वाहायला लागली तरी अप्पांचं लक्ष नाही. मग हळूच म्हणाले, "मारलं बिरलं न्हाई ना पोराला?"

मी पुढचा टोमणा गिळला. मला हे क्वचितच जमतं.

*

आनंद आला त्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी तव्यावर मिरच्या टाकल्या होत्या, तशीच पळाले. अप्पा खुर्चीत, तोंडासमोर पेपर. उलटा नव्हता, पण कालचा होता.

"थांबलो व्हतो, खरं हाय," आनंद म्हणाला. "चांगलं रंगलं व्हतं. सगळा हॉल चिडीचूप. तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक म्हातारा खोकला. ख्हं! सेम टू सेम. माझा हात थांबला. अन् माईकवर तोंडातून गेलं, 'ठेवतो, अप्पा!'"

ओसरी हसून लोळली. मी विचारलं, "अन् मग लोकांनी?"

"मग उभं राहून टाळ्या! त्यास्नी वाटलं, ते गाण्यातच हाय. दुसऱ्या गावात तर एक बाई विचारायली, 'ठेवतो अप्पा' कधी येणार?"

म्हणजे अंडी नाही, पोलीस नाही. थांबला तेवढंच खरं. गल्ली जरा नाराजच झाली. दूधवाला अजून म्हणतो, एखादं तरी अंडं असेलच.

अप्पा एकटे हसले नाहीत. पेपर खाली ठेवला. "त्या म्हाताऱ्याला औषध दिलं का न्हाई कुणी?"

"ठाव न्हाई, अप्पा."

"हं. वाजव."

आनंदनं आईकडे बघितलं, गिटार काढली आणि सुरू केलं. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून माझ्या मिरच्यांची खाट आली, तिखट जळका धूर!

पहिला ठसका दूधवाल्याला. मग अध्यक्षांना. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. ताराअक्काचे डोळे मात्र अप्पांवर. अप्पांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा. नाकातून पाणी, मानेच्या शिरा तट्ट. खुर्चीचे हात घट्ट धरलेले. आनंदचा हात जरा अडखळला. अप्पांनी बोटानंच 'चालू दे' केलं, आणि उठून चालू पडले.

ताराअक्कानं मान खाली घातली. तिला वाटलं, आजही हे अर्ध्यात उठले.

अप्पा अनवाणीच गल्ली ओलांडून पार पाण्याच्या टाकीपाशी गेले. तिथे पाठ फिरवून जे खोकले, ते सगळ्या मैलुरानं ऐकलं असेल. टाकीवरची कबुतरं उडाली. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत तसेच भराभर परत आले, खुर्चीत बसले.

धून अजून चालूच होती. ताराअक्कानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

गिटारीवरची नजर न काढता अप्पांनी तिला हातानंच थांबवलं.