चव कशी होती?

जळकोटच्या सरकारी दवाखान्यात खैरूनआपा नर्स होत्या. मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईला त्या आधी वय विचारत नसत, वजन बघत नसत. पहिला प्रश्न एकच: "काय काय गिळून आलीस? आन् चव कशी होती?" बाई सांगू लागली की आपा तोंड असं करत, जणू ते त्यांच्याच घशात अडकलंय.

परवा लातूरच्या नातसुनेने मोबाईलवर बघून मागवलेली कसलीशी हिरवी पूड दाखवली, मूल राहण्यासाठीची. आपांचा प्रश्न आपोआप तोंडात आला.

मला त्यांनी विचारलं तेव्हा मी बावीस वर्षांची दीडशहाणी होते. लग्नाला चार वर्षं झालेली, आणि सासूबाईंनी बिलोलीची एक मुलगी पाहून ठेवलेली. दिवाळीपर्यंत दिवस राहिले नाहीत तर दुसरी आणायची, हे ठरलेलं. मुलगी गोरी आहे, हेही मला चहा ओतता ओतता ऐकवलं होतं. मग काय, पुढे येईल ते मी गिळत होते. गोमूत्र झालं, शेंदूर कालवलेलं दूध झालं. एका बुवाने तीनदा फुंकर मारून दिलेला पेढा झाला. फुंकर कसली, थुंकलाच होता मेला. शेवटी शेजारणीच्या बाळाची गळून पडलेली नाळ. काळी, वाळकी, चिंचेच्या सालीसारखी. केळ्यात खुपसून दिली, मी डोळे मिटून गिळली.

"चव?" आपांनी विचारलं.

"केळ्याची," मी म्हटलं, आणि उलटी झाली नाही याचा मला वर अभिमान.

आपा उठल्या आणि खिडकीबाहेर थुंकल्या. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून पाळीची तारीख विचारली आणि मधल्या एका आठवड्याभोवती शाईने गोल काढला. मूल राहायचं तर याच दिवसांत, म्हणाल्या. मग उपास विचारले. मी सांगितले: सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. सगळे मुलासाठीच धरलेले. उपासाच्या दिवशी आणि आदल्या दिवशीही मी सासूबाईंच्या खोलीत निजायची. आपा एकेका वारावर फुली मारत गेल्या. गोलात फक्त मंगळवार उरला, आणि मंगळवारी आमचे हे उमरीला माल आणायला जात, मुक्कामाला.

"सुमन," आपा म्हणाल्या, "देवाकडं लेकरू मागून राहिलीस, आन् देवालाच मधी निजवून राहिलीस."

मग त्यांनी सासूबाईंना बोलावून घेतलं आणि बजावलं, की या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर बाधतात. गोळ्या साध्या रक्तवाढीच्या होत्या. उपास सुटले. यांनाही लातूरला तपासणीला धाडलं. हे फणफणले, मर्दाची कसली तपासणी म्हणून. "बापालाबी बघावं लागतंय, लेकरू काय एकटीचं हाय?" म्हणत आपांनी यांच्या खिशातली तंबाखूची पुडी काढून घेतली. तिसऱ्या महिन्यात मला दिवस राहिले. सगळ्यांचं असं जुळत नाही, हे आपाच बजावून सांगत. बिलोलीची मुलगी दुसरीकडे सुखात पडली.

पुढे दर संक्रांतीला मी आपांना तिळगूळ न्यायची. त्या हसून घेत आणि तिथल्या तिथे दुसऱ्याच्या हातावर ठेवत. आमच्या घरचं त्यांना चालत नसेल, असा माझा समज. इतकी वर्षं मी हे धरून बसले, यावरून अकलेची कल्पना यावी.

आपा शेवटच्या दुखण्यात पडल्या तेव्हा मी तिळगूळ घेऊनच गेले. घरात त्यांची भाची होती. लेकरू आपांना कधी झालंच नव्हतं. न राहवून मी विचारलं, सगळ्यांना चव का विचारायच्या तुम्ही?

त्यांनी माझ्या हातातला तिळगुळाचा डबा बाजूला सारला.

"तुला केळ्यात तरी दिली, बेटा," त्या म्हणाल्या. "मला गुळात दिली व्हती. सात डाव."