भर पावसात बघू, मग ठरवू

नवरा निवृत्त होणार होता आणि सरकारी क्वार्टर सोडावं लागणार होतं. दिल्लीतच, द्वारकेत आमचा स्वतःचा फ्लॅट होता, त्यात भाडेकरू होते. त्यांना नोटीस कधी द्यायची, एवढाच प्रश्न माझ्या मते शिल्लक होता. नवऱ्याच्या डोक्यात वेगळंच होतं. जानेवारीत तो ऑफिसच्या टूरवर कोकणातल्या एका लहानशा गावी जाऊन आला होता आणि तिथलं खाडीकाठचं एक रिकामं कौलारू घर त्याच्या मनात बसलं होतं.

"शांतता आहे गं. कोणी येत नाही, कोणी काही विचारत नाही," असं तो जेवताना रोज सांगायचा.

दिल्लीत जानेवारीत धुकं आणि हीटर असतो. त्या दिवसांत समुद्राकाठचं कुठलंही गाव चांगलंच वाटणार. मी तेव्हा शाळेत शास्त्र शिकवत होते, आणि प्रयोग सोप्या दिवशी करून उपयोग नाही असं माझं मत होतं. मी म्हटलं, "ऑगस्टमध्ये जाऊ. भर पावसात बघू, मग ठरवू."

त्याच गावात पाहुणे ठेवणाऱ्या एका घराच्या जाहिरातीत 'रिव्हर क्रूझसह मुक्काम' असं होतं. नवऱ्याने फोन ऑफिसातून केला, म्हणून हिंदीत केला. पलीकडच्या बाईंनीही हिंदीतच उत्तर दिलं. घोटाळा झाला तो तिथेच.

दिल्लीत वर्षानुवर्षं राहिलं की उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी अशी जिभेची सवय होते. शिवाय चारचौघांत मराठी ही आपली खासगी भाषा बनते. भाजीवाल्यासमोर "वांगी जून आहेत, चला पुढे" असं मोठ्याने म्हणता येतं. मेट्रोत समोरच्या बाईच्या साडीबद्दल बोलता येतं, आणि बाई हसून आपल्याला जागा देते.

आम्ही पोचलो तेव्हा घरमालकीणबाई छत्री घेऊन अंगणात उभ्या होत्या. "आइए भाभीजी, भीग गये ना?" मी म्हटलं, "जी, बहुत बारिश है." झालं. पुढे तेच चालू राहिलं. त्या शेजारणीशी मराठीत बोलत होत्या, आम्हाला ते ऐकू येत होतं, तरीही आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. त्यांच्याशी हिंदी, आणि त्यांच्यादेखत एकमेकांशी मराठी, असा आमचा कारभार होता.

पहिला घोट घेऊन मी नवऱ्याला म्हटलं, "चहा आहे की पाक?" पुढचा चहा बेताचा गोड आला. "गादीला कुबट वास येतोय," असं मी जेवताना म्हटलं, तर झोपायच्या आधी गादी बदललेली होती आणि खोलीत शेगडी ठेवून ऊब आणलेली होती. मला मोठं कुतूहल वाटलं. न सांगता या बाईंना कसं कळतं? मी त्यांच्यासमोरच नवऱ्याला म्हटलं, "निरीक्षण चांगलं आहे हो यांचं." त्या भात वाढत होत्या. त्यांचे खांदे हलले. मला वाटलं, खोकला असेल.

मी प्रश्नही पुष्कळ विचारले. पावसात कपडे कसे वाळतात? "सूख जाते हैं जी." वीज? "आती है." डॉक्टर? "है ना." सगळंच ठीक होतं, आणि म्हणूनच मला त्यातलं काही खरं वाटेना.

दुसऱ्या दिवशीची क्रूझ म्हणजे पलीकडच्या बाजारात जाणारी रोजची लाँच निघाली. वर ताडपत्री, खाली फळ्या. घरमालकीणबाईही पिशवी घेऊन आल्या. पाऊस तिरपा येत होता. लाल पाण्यावर एक नारळ आणि एक चप्पल समुद्राकडे जायचं सोडून उलट डोंगराकडे निघाली होती. भरती काय असते ते मी वर्गात कितीदा शिकवलं होतं, पण नदीला असं मागे फिरताना कधी पाहिलं नव्हतं. यमुना एकाच दिशेने जाते. मी त्या चपलेकडे ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

मग लाँचवाल्याने हात करून ते घर दाखवलं. नवरा ताडपत्रीबाहेर वाकून भिजत बघत होता. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, आत्ता बोललं नाही तर राहूनच जाईल. इंजिनाच्या आवाजावरून मी मोठ्याने म्हटलं, "घर सुंदर आहे, नाही म्हणत नाही मी. पण मी इथे कुजेन. तुम्ही गळ टाकून बसाल, मी भिंतींशी बोलू? आजारी पडले तर विचारणारं कोण आहे? ही माणसं नुसती गोड बोलतात. खरं एक सांगत नाहीत."

"वहिनी," घरमालकीणबाई म्हणाल्या, "खरं मराठीत सांगू का?"

लाँचवाला सुकाणू सोडून हसायला लागला. "सांगा आता काकी. काल तुमच्याकडून ऐकल्यापासून माझं पोट दुखतंय."

"तुम्हाला सगळं कळत होतं?" मी विचारलं. प्रश्न अगदीच बावळट होता.

"पाक कळला की."

नवरा एकदम पाण्याकडे बघायला लागला. "मग बोलला का नाहीत?" मी म्हटलं.

"तुम्हीच हिंदी सोडेनात. म्हटलं, दिल्लीची रीत असेल. आणि पाहुण्याला तोंडावर कसं सांगायचं?" त्या फळीवर माझ्याजवळ सरकल्या. "कपडे वाळत नाहीत. चपलांना बुरशी येते. वीज गेली की कधी येईल ते कोणी सांगत नाही. डॉक्टर पलीकडच्या काठाला, या लाँचने जायचं. आणि विचारणारं कोण म्हणालात ना? तोच तर त्रास आहे. सगळे विचारतील. भाजी काय केली, दुपारी झोपलात का, पेन्शन किती. त्या घरात मुंबईचे एक साहेब शांतता शोधत आले होते. पळाले. पावसामुळे नाही हो, आमच्यामुळे."

नवऱ्याने मान वळवली. "रोज विचारतात?"

"रोज नाही," लाँचवाला म्हणाला. "जत्रेत आम्हाला सवड नसते."

धक्क्यावर परतलो तेव्हा शेडखाली माणसं उभी होती. लाँचवाल्याने दोर टाकतानाच बातमी दिली असावी. "हे का ते दिल्लीचे? मराठी येतं की यांना." मग मुलं किती, गाव मूळचं कुठलं, घर नक्की घेताय का. नवऱ्याने छत्री नाकापर्यंत खाली ओढली आणि चालू पडला. मी थांबले. त्यांनी एक विचारलं की मी दोन विचारत होते. गॅस आला नाही तर कशावर शिजवता? हायस्कुलात शास्त्र कोण शिकवतं? उत्तरं सगळ्यांनी एकदम आणि एकमेकांना खोडत दिली. चिंब भिजले मी.

खोलीत नवरा टॉवेलने डोकं पुसत बसला होता. "द्वारका तशी वाईट नाही," तो म्हणाला. "सहाव्या मजल्यावर कोण येतंय?"

"उद्या ते घर आतून बघायचंय मला. किल्ली बाईंच्या दिराकडे आहे. भरतीला खालची पायरी बुडते म्हणे."

"तू कुजणार होतीस ना?"

"कोणी विचारलं नसतं तर कुजले असते."

दुसऱ्या दिवशी घर पाहिलं. एका कोपऱ्यात कौलं गळत होती, बाकी धड होतं. आतून एक अरुंद जिना माळ्यावर जात होता आणि तिथे खाडीकडे उघडणारी एक खिडकी होती. नवरा वर गेला तो लवकर उतरेना. उतरला तेव्हा त्याने घरमालकीणबाईंना मराठीत विचारलं, "या जिन्याला दार बसवता येईल?"

"येईल की. पण आम्ही वाजवणार."

त्याने जिन्याच्या चौकटीवरून हात फिरवला. "जाड लाकडाचं बसवू," तो म्हणाला. "सुतार कुठे भेटेल?"