साचा पुन्हा निघाला

गल्लीत तिला सगळे टाचणीबाई म्हणत. जिन्याखालच्या एका खोलीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, कोटाचं फाटलेलं अस्तर शिवणं, असली कामं. कॉलरला सतत टाचण्या खोचलेल्या असत, म्हणून ते नाव. बोलायला मोठी रसाळ. गिऱ्हाइकाची कंबर मापता मापता त्याच्या घरातली सगळी हकिकत काढून घ्यायची.

नवरा अगदी दुसऱ्या टोकाचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या डोक्यावर, तारा आणि ग्रीसमध्ये. घरी आला की हात धुवायचा, जेवायचा आणि आतल्या खोलीत जाऊन बसायचा. तिथे त्याचं टेबल होतं, वाकवता येणारा दिवा होता आणि भिंतभर खोकी होती. जुन्या अमेरिकन गाड्यांची प्लास्टिकची मॉडेल, सुटे भाग चिकटवून बनवायची.

"मुलीचा फोन आला होता," ती दारातून सांगायची.

"बरं."

"सर्दी झालीय तिला."

"हं."

एवढ्यावर त्यांचा संसार झाला. भांडण असं कधी नव्हतंच; भांडायलाही दोघांनी बोलावं लागतं.

त्या खोक्यांतलं एक सगळ्यांत वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं असे. झाकणावर लांबलचक गाडीचं चित्र, मागे माशाच्या परांसारखे दोन उभे पंख. लग्नानंतर लवकरच तिने ते पुसायला खाली काढलं, तेव्हा तो धावतच आला होता.

"ते उघडायचं नाही हं. कंपनीचा साचा हरवलाय. हे मॉडेल आता पुन्हा निघणार नाही."

"मग ठेवून करायचं काय?"

"ठेवायचं," तो म्हणाला.

नवरा गेला तो कामावरच. छातीत कळ आली आणि इमारतीच्या जिन्यावर बसला तो उठलाच नाही. मुलगी परदेशातून आली, आठवडाभर राहिली, परत गेली. त्यानंतर घरात दोन बदल झाले. जेवायला एक ताट कमी झालं, आणि आतल्या खोलीचं दार बंद राहायला लागलं. शांतता तर आधीपासूनच होती. पण आधीच्या शांततेत कुणीतरी प्लास्टिक घासत असायचं, बारीक खर्र खर्र. तो आवाज आपण इतकी वर्षं ऐकत होतो, हे तिला तो थांबल्यावर कळलं.

"आई, ती खोली रिकामी कर आणि एखादी भाडेकरू ठेव," मुलगी फोनवर म्हणाली. "तुलाही सोबत होईल. बाबांची खोकी विकून टाक. ते वरचं तर म्हणे फार दुर्मिळ आहे."

तेव्हा एके दिवशी दुकान लवकर बंद करून टाचणीबाई ते खोकं काखोटीला मारून निघाली. नवरा दर शनिवारी ज्या मॉडेलच्या दुकानात जायचा, तिथे ती पहिल्यांदाच गेली. दुकानदार जाडजूड, चष्मा कपाळावर चढवलेला. तिने नवऱ्याचं नाव सांगताच तो उठून उभा राहिला.

"वहिनी! या, या. बसा."

तिने खोकं काउंटरवर ठेवलं. त्याने त्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा ओशाळल्यासारखा झाला. मागे वळून त्याने फळीवरून दुसरं खोकं काढलं आणि शेजारी ठेवलं. तेच चित्र, तीच गाडी, तेच पंख. फक्त रंग टवटवीत होते.

"कंपनीला साचा सापडला, वहिनी. कुठल्याशा गोदामात पडून होता. आता पुन्हा काढलंय. जुन्याला आता कोण विचारतं? ज्याला बनवायची हौस, तो नवं नेतो."

ती खुर्चीवर बसली. जन्मभर जपलेल्या वस्तूची अशी चिंधी झालेली पाहून रडावं की हसावं, तिला कळेना.

"बरं झालं, यांना हे बघावं लागलं नाही."

"अहो, त्यांना ठाऊक होतं की! बातमी मीच दिली. खूश झाले. म्हणाले, माझ्यासाठी एक ठेव, आता ही गाडी एकदाची बनवतो. आणि रंग आमच्या हिला निवडायला सांगणार, म्हणाले. रंगांची तिला चांगली नजर आहे." त्याने नवं खोकं तिच्याकडे सरकवलं. "हे त्यांचंच. घेऊन जा."

"असं म्हणाले?"

"इथे बसून. तुम्ही बसलात त्याच खुर्चीत. त्यांच्याशिवाय आमच्या शनिवारच्या बैठकीत मीठच राहिलं नाही, वहिनी. काय नकला करायचे!"

"कोण?" ती म्हणाली. "आमचे हे?"

"म्हणजे काय! लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या. एक साहेब होते म्हणे, अडकल्यावर आतून ओरडायचे, 'मी कोण आहे माहीत आहे का?' आणि तुमचे हे वरून शांतपणे विचारायचे, 'साहेब, ते नंतर सांगा. आधी कितव्या मजल्यावर आहात ते सांगा.'" दुकानदाराने नाक वर करून साहेबाचा आवाज काढला. तो काही त्याला नीट जमला नाही.

तरी टाचणीबाई हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नवऱ्याचा विनोद ती पहिल्यांदा ऐकत होती, तोही उसना.

रस्त्याने येताना मात्र तिचा संताप चढत गेला. दोन्ही खोकी छातीशी धरून ती स्वतःशीच पुटपुटत चालली होती. 'दुकानात बसून सांगायचं हिची नजर चांगली म्हणून. घरात जीभ झडली होती का? भिंतीपलीकडे तर बसले होते मी!'

घरी आल्यावर चप्पलही न काढता ती आतल्या खोलीत गेली, दिवा लावला आणि जुन्या खोक्याची पिशवी टराटरा फाडली. झाकण उघडलं. आत पांढऱ्या प्लास्टिकचे भाग होते, आणि त्यांना चिकटून काळे टायर. समोरच्या काचेवर एक टायर टेकलेला होता. ती तो उचलायला गेली तर सुटेना. रबर मऊ पडून काचेत रुतलं होतं. ओढून काढल्यावर काचेवर टायरची वळणं उमटलेली, जणू कुणी डाग दिलाय. हात न लावता, फळीवर पडल्या पडल्या, वस्तूने वस्तूला खाल्लं होतं.

"घ्या! जपून ठेवलंत!" ती मोठ्याने म्हणाली. आणि मग खुर्चीत बसून पोटभर रडली. तो गेला तेव्हासुद्धा ती इतकी रडली नव्हती.

गाडी तिने जुनीच बनवायला घेतली. काच आणि टायर नव्या खोक्यातून घेतले. दुकान बंद झालं की ती त्या टेबलाशी बसे. सूचनांचा कागद इंग्रजीत होता, पण चित्रं होती. आणि चित्रावरून तुकडे जोडणं तिला काही नवं नव्हतं. कोटाची बाही काय, गाडीचं दार काय. चिकटवलेले भाग ती शिवणाच्या चिमट्यांनी धरून ठेवी. पहिल्या दिवशी बोटाला गोंद लागला आणि गाडीच्या टपावर तिचा ठसा उमटला. तो घासता घासता खोलीत पुन्हा ती खर्र खर्र सुरू झाली. ती क्षणभर थांबली, मग घासत राहिली.

रंगासाठी ती दोऱ्याचं एक रीळ घेऊन दुकानात गेली. पिकल्या पेरूसारखा, हिरव्याकडून पिवळ्याकडे झुकलेला रंग.

"असा रंग त्या गाडीला कंपनीने कधी दिला नव्हता, वहिनी."

"नसेल दिला. मला निवडायला सांगणार होते ना?"

दुकानदाराने मुकाट्याने डब्या मिसळून रंग करून दिला. "शनिवारी या की," तो म्हणाला. "सगळे असतात."

ती गेली. अंगावर चांगला कोट घालून, गाडी कापडात गुंडाळून. नवऱ्याचे मित्र उठून उभे राहिले. कुणी खुर्ची दिली, कुणी पाणी आणलं. गाडी हातोहात फिरली. "छान झालीय हं, वहिनी," "हात साफ आहे तुमचा." मग गाडी तिच्याकडे परत आली. तिने स्वतःच विषय काढला, नकला कशा करायचे ते सांगा म्हणाली. एकमेकांकडे बघत ते म्हणाले, "फार चांगला माणूस होता." तिच्यासमोर कुणाला हसता येईना. ती गेल्याशिवाय त्यांची बैठक सुरू होणार नव्हती, हे तिच्या लक्षात आलं. दुकानात गिऱ्हाईक आहे असं सांगून ती उठली. दार लागल्यावर मागे कुणीतरी काहीतरी बोललं, आणि मोठं हसू फुटलं. तिच्यावर नव्हतं ते. तरी ती पायरीवर जरा वेळ उभी राहिली.

रविवारी मुलीचा फोन आला. "खोली रिकामी झाली का गं?"

"नाही. मी बसते तिथे."

"एकटी? काय करतेस?"

"गाड्या बनवते."

 मग मुलगी म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना?"

"बरी आहे. तुझी सर्दी कशी आहे?"

"सर्दी? ती केव्हाच गेली."

फोन ठेवून ती स्टुलावर चढली. मधल्या फळीवर एका ट्रकचं खोकं होतं. झाकणावरची धूळ तिने पदराने न पुसता फुंकून उडवली, तिला शिंक आली, आणि मग ती खोकं घेऊन टेबलाशी बसली.