आईसाठी वळवलेली बैठक

कोपरचं जुनं घर विकून आईबाबांनी टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला, तेव्हा आतलं सगळं मी करणार हे उघडच होतं. लोकांची घरं सजवून देणं हाच माझा धंदा. ठाण्यातल्या माझ्या गिऱ्हाइकांना हल्ली सगळं वळणदार हवं असतं: गोल कडेचे ओटे, लाटेसारखं छत, भिंतीतूनच उगवल्यासारखी कपाटं. तसलंच इथेही करणार म्हटल्यावर बाबांनी कपाळाला हात लावला.

"अगं, कोपरे फुकट जातात त्यात. सरळ सोफा ठेव, समोर टीव्ही. माणसांची घरं अशीच असतात."

"नाही ठेवणार!" माझं डोकं लगेच तापतं, आणि ते कुणाकडून आलंय हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

खरं कारण मी सांगितलंच नव्हतं. आईला ऐकू येईनासं झालेलं. कानाचं मशीन आणलेलं, पण सगळे आवाज एकदम अंगावर येतात म्हणून तिने ते ड्रॉवरमध्ये टाकलेलं. ओठांच्या हालचालींवरून ती आमचं बोलणं ओळखायची. कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच जमवलेलं. पण कोपरच्या घरात आम्ही सोफ्यावर ओळीने बसायचो आणि टोकाला आई. तिला आमचे फक्त कान दिसायचे. आम्ही हसलो की ती हसायची, जरा उशिराने. ते उशिराचं हसू मला बघवायचं नाही. बाबांचं मात्र एकच, "ऐकू येतं तिला. लक्ष नसतं." अस्सा राग यायचा ना!

आणि तुझ्यासाठी करतेय म्हटलं असतं तर आईने करूच दिलं नसतं. म्हणून मी आपली फॅशन, फॅशन करत राहिले.

हॉलच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत एकच लाकडी बैठक मी वळवत नेली. कुठेही बसा, बाकीच्यांचे चेहरे दिसणारच. खिडकी सगळ्यांच्या समोर येईल असं बघितलं, कारण पाठीमागून उजेड आला की तोंड काळं दिसतं. छताची कडही तशीच वळवून तिच्यात दिवे लपवले, म्हणजे संध्याकाळी ओठांवर सावली नको. टीव्ही आतल्या खोलीत गेला. सुतार प्लाय वाकवून वाकवून वैतागला. दादा बघायला आला आणि म्हणाला, "होडी बांधलीस की काय गं?"

पहिल्याच रविवारी दादा त्या होडीत बसून ऑफिसातला किस्सा सांगत होता. आई हसली. आमच्याबरोबर, अगदी वेळेवर. वर म्हणाली, "आणि तू ऐकून घेतलंस? मेल्या!" मी रिकामे कप उचलले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

बाबांचं तेवढं राहिलं. त्यांच्या मिशा म्हणजे नुसतं छप्पर. लग्नाच्या फोटोतही आहेत. त्यांचा वरचा ओठ आम्ही भावंडांनी कधी पाहिलेला नाही. ते बोलायला लागले की आई गोंधळून आमच्याकडे बघायची आणि आमच्यापैकी कुणीतरी तेच तिला परत सांगायचं. समोरासमोर बसल्यामुळे हे आता बाबांनाही दिसत होतं. त्या रविवारी ते फार बोलले नाहीत.

पुढच्या खेपेला मी गेले, तर दारात एक अनोळखी गृहस्थ. मिशा साफ. चपलाही न काढता मी विचारलं,

"कोण गेलं?"

"कोणी नाही गं. उकडतं हल्ली," बाबा म्हणाले. नाकाखालची जागा पांढरीफटक होती आणि ते सारखे तिथे बोट फिरवत होते.

आत आई बैठकीवर बसलेली. बाबा तिच्या शेजारी नाही बसले. दुसऱ्या टोकाला, तिच्यासमोर जाऊन बसले आणि सुरू झाले: कमी दाबाचं पाणी, बंद लिफ्ट, सोसायटीचा सेक्रेटरी, भाजीवाल्याने गळ्यात मारलेली किडकी वांगी. आई टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. वांगी संपेपर्यंत तिने मान हलवली नाही.

"इतकी वर्षं हेच बोलत होतात होय?" ती म्हणाली. "मला वाटायचं, माझं केवढं काय राहून जातंय."

बाबा ओशाळले आणि परत नाकाखाली बोट फिरवू लागले.

"बोला ना," आई म्हणाली. "थांबलात कशाला?"