स्मारकामागची अळंबी

आन्सेल्म तुवनँचा माणसांवर विश्वास कमीच होता, आणि अळंबीच्या दिवसांत तर तो औषधालाही उरायचा नाही. एरवी माणूस बरा. फेर्नांच्या कॅफेत बसायचा, फेर्नांच्या शिळ्या विनोदांना हसायचा, मेयरबाईंनी निरोप धाडला की स्मारकाभोवतीचं गवत कापून यायचा. पण उन्हाळा सरून आर्गॉनच्या रानानं ओल धरली, ओकच्या पाल्याखालून तो मातकट गोडसर वास यायला लागला, की आन्सेल्मचे डोळे बारीक व्हायचे. मग समोरून येणारा प्रत्येक माणूस चोर. गावचा पाद्रीसुद्धा.

स्मारक गावाच्या वर, रानातल्या मोकळ्या जागेत. दगडी शिपाई, पायाशी महायुद्धात पडलेल्यांची नावं, त्यात एक तुवनँही. त्याच्या मागची जमीन तोफगोळ्यांनी शंभर वर्षांपूर्वी उखळून ठेवली ती तशीच. खड्ड्याला खड्डा लागून, त्यात नेचे माजलेले. न फुटलेले गोळे अजून पोटात धरून बसलेली ती जमीन. तिथं जाऊ नये अशी पाटी लावलेली. पाटीच्या अलीकडून एक पायवाट घळीकडं उतरते, तिच्या टोकाला धबधबा. येणारे लोक आधी मेलेल्यांना बघायचे, मग धबधबा, मग फेर्नांकडं आम्लेट. लाकूड कापायच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून आन्सेल्म स्मारकाशेजारच्या बाकावर बसून या लोकांची वर्गवारी करायचा. इंग्रज सगळी नावं वाचतात. जर्मन हळू बोलतात आणि जाताना मान लववतात. पॅरिसवाले संडास कुठं आहे ते विचारतात. आणि या तिघांत न बसणारा जो कोणी, तो अळंबीवर आलेला.

कारण पाटीच्या पलीकडं, खड्ड्यांच्या तिसऱ्या रांगेपाशी आन्सेल्मची जागा होती. जाड देठाची, पावाच्या कडेसारख्या तपकिरी टोपीची सेप अळंबी तिथं दर वर्षी यायची. बापानं त्याला ती जागा दाखवली तेव्हा बापाला धड चालवत नव्हतं. एका खांद्यावर त्याला पेलत आन्सेल्म तिथवर गेला होता. तोवर बापानं आईलाही सांगितलं नव्हतं. आन्सेल्मनं तोच शिरस्ता चालवला. गाडी तळ्याकडं उभी करायची, टोपली घेऊन सगळ्यांदेखत बीचच्या बनात शिरायचं आणि लांबचा वळसा मारून इकडं यायचं. परतताना तिसऱ्याच बाजूनं बाहेर पडायचं. कॅफेत कुणी विचारलं तर म्हणायचं, यंदा काही नाही बाबा, वाळून गेलं सगळं. पोरबाळ त्याला नव्हतं. बायकोनं, युगेतनं, उभ्या संसारात कधी विचारलं नाही. तो टोपली ओट्यावर ठेवायचा, ती लसूण ठेचायला घ्यायची. शहाणी बाई, असं तो मनात म्हणायचा. युगेत जाऊन दोन हिवाळे झाले होते.

त्या वर्षी त्याला कापलेले देठ दिसले.

उपटलेली अळंबी असती तर त्यानं पॅरिसवाल्यांना चार शिव्या घालून सोडून दिलं असतं. पण हे देठ सुरीनं बेतानं कापलेले होते आणि वरून पाला सारलेला होता. मोठी नेलेली, लहान ठेवलेली. म्हणजे काम जाणत्याचं. आन्सेल्म तिथंच उकिडवा बसून राहिला. गुडघे आताशा साथ देत नव्हते. नवी जागा हुडकत रान पालथं घालायचे दिवस गेले होते. ही गेली तर हातात काय राहिलं? बाकावर बसून संडास दाखवायचा.

पहिला संशय फेर्नांवर. त्या आठवड्यात त्यानं कॅफेत जाऊन कधी नाही ते अळंबीचं आम्लेट मागवलं आणि एकेक घास जिभेवर घोळवत बसला. फेर्नां हात पुसत जवळ आला.

"काय रं आन्सेल्म, दात दुखतोय का?"

"अळंबी कुठली म्हणायची ही?"

"रानातली," फेर्नां म्हणाला. "तुझी गाडी तळ्याकडं उभी असती ना, तिथं सोडून कुठलीबी."

कॅफेतले सगळे हसले. म्हणजे त्याचा तळ्याचा देखावा गावाला पाठ होता. पण तोंडातली अळंबी पाणचट होती, त्याच्या मातीची नव्हतीच. फेर्नां सुटला.

मग ती बाई त्याच्या नजरेत भरली. चाळिशीतली, आखूड केसांची, हातात फुलं, कोपरात फडकं झाकलेली टोपली. गाडी बिनदिक्कत स्मारकाशेजारी लावलेली. दगडी शिपायापाशी फुलं ठेवली, नावांवरून वाढप्यानं पंगतीवरून फिरवावी तशी नजर फिरवली आणि घळीच्या वाटेनं गेली. परत आली तेव्हा आन्सेल्म बाकावर होताच. त्यानं अगदी पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, धबधबा कसा वाटला. बाई म्हणाली, सुंदर, काय पाणी पडत होतं.

आन्सेल्मनं मान डोलावली. तो धबधबा उन्हाळ्यात आटतो तो डिसेंबराआधी वाहत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिच्या बुटांना घळीतला काळा चिखल नव्हता, राखी माती होती. त्याच्या जागेची माती.

आठवडाभर ती बाई त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसली. चोरीपेक्षा ती फुलं त्याला जास्त टोचत होती. मेलेल्यांच्या आडून चोरी करायची म्हणजे काय? त्यांतला एक तुवनँ होता. बाई सोमवारी आली होती, म्हणून पुढच्या सोमवारी तो बाकावर बसलाच नाही. आधीच रानात शिरून एका खड्ड्यात, नेच्यांच्या आड, दुखरे गुडघे पोटाशी घेऊन बसला.

बाई आली. पाटीच्या डावीकडून, जिथून तो जायचा तिथूनच. पण वाकून जमिनीकडं बघण्याआधी तिनं चहूकडं पाहिलं, एकेका खड्ड्यात डोकावली. काहीतरी हरवलेलं शोधावं तशी. मग सुरी काढली. आन्सेल्म उठून उभा राहिला.

"सापडलं का काय?"

बाईनं दचकून छातीवर हात ठेवला. मग तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. हे त्याला आणखीच खटकलं.

"हात्तिच्या. तुम्ही धड आहात तर," ती म्हणाली. "आज बाकावर नव्हतात म्हणून मला वाटलं, पडलात की काय कुठं. आन्सेल्म ना तुम्ही?"

"माझं नाव तुला कुणी सांगितलं?"

"युगेतबाईंनी."

तिचं नाव सेवरीन. शेजारच्या क्लेरमाँ गावात तिचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं. युगेत महिन्याच्या महिन्याला तिथं जायची हे आन्सेल्मला ठाऊक होतं. पण त्या दारातून तो कधी आत गेला नव्हता.

"खोटं बोलू नगंस," तो म्हणाला. "तिला ही जागा ठावं न्हवती. जल्मात कधी सांगितली न्हाई मी."

"तुमची विजार कोण धुवायचं?" सेवरीननं विचारलं.

आन्सेल्मनं खाली पाहिलं. गुडघ्यांवर राखी माती लागलेली होती. तळ्याकडची माती तांबडी. त्यानं सगळ्या गावाला वळसे घातले आणि घरी येऊन विजार नेमकी बायकोच्या हातात दिली. एवढी वर्षं ती लसूण ठेचत होती आणि गप्प होती.

"दुकानात तर बायकांची रांग असती," तो गुडघ्यांवरची माती झटकत म्हणाला. "कुणाकुणाच्या कानावर घातलं तिनं?"

"बाकीच्या ड्रायरखाली असायच्या, कानात वारं. मी एकटीच ऐकायचे."

त्यानं यावर विश्वास ठेवला नाही. पण सेवरीन पुढं बोलत राहिली. शेवटच्या खेपेला, आजार कळल्यावर, युगेतनं तिला सगळं समजावून सांगितलं होतं. कुठून शिरायचं, कोणत्या खड्ड्यात गोळा आहे, कुठं पाय ठेवायचा नाही.

"त्या म्हणाल्या, माझा माणूस कधीतरी तिथं पडणार. आणि गाव त्याला चार दिवस भलतीकडंच शोधत बसणार, इतकं त्यानं सगळ्यांना फसवून ठेवलंय. तुझं दुकान सोमवारी बंद असतं, एक चक्कर मारत जा. अळंबी दिसली तर मोठी घे, लहान त्याला ठेव. त्याला कळू मात्र देऊ नकोस."

"का?"

"कळलं तर जागा बदलेल, म्हणाल्या."

आन्सेल्म खड्ड्याच्या काठावर बसला. आपण चोर धरायला आलो होतो आणि हिच्याच हिशेबी आपण सापडलेला माणूस झालो, हे त्याला पचवायला जड जात होतं. दर सोमवारी ही बाई खड्ड्याखड्ड्यात त्याला बघत फिरली होती. बाकावर दिसला तर फुलं ठेवून, मोठी अळंबी तेवढी घेऊन, धबधब्याची थाप मारून गेली होती. आणि हे कुणी लावलं, तर ज्या बाईला आपण शहाणी म्हणत होतो तिनं.

मग त्याच्या डोक्यात आलं, आणखी एक जागा आहे. घळीच्या वरच्या अंगाला, ऑक्टोबराच्या शेवटी जेमतेम टोपलीचा तळ झाकेल एवढीच धरणारी. बापालाही माहीत नव्हती. त्याची त्यानं शोधलेली. तिथं पडला तर ही बाई इथले खड्डे धुंडाळत बसेल. त्यानं सेवरीनकडं पुन्हा एकदा निरखून पाहिलं. चेहरा सरळ होता. सरळ चेहऱ्याची माणसंच त्याला जास्त अवघड वाटायची.

"चल," तो शेवटी म्हणाला. "एक दाखवतो. कुठं बोललीस तर बघ."

पुढं तो, मागं ती. सवय ती सवय. सरळ न नेता त्यानं तिला आधी उतारावरून खाली नेलं, मग पुन्हा चढवलं, एका पडलेल्या बीचच्या झाडाला फेरी घातली. वाट तिच्या डोक्यात बसू नये म्हणून, खरी वाट उजवीकडं असताना, मुद्दाम फाट्याशी डावीकडं वळून तो दहाएक पावलं पुढं गेला.

मागं पाला वाजायचा थांबला होता. त्यानं वळून पाहिलं. सेवरीन फाट्यापाशी, उजव्या वाटेच्या तोंडाशी उभी होती. टोपली कोपरात सावरून, त्याच्याकडं न बघता, तो माघारी यायची वाट बघत.