सतरंजीवरच्या बाई

सुरगाण्याच्या आमच्या शाळेत मोठा स्क्रीन आला, तेव्हापासून शेजारच्या वर्गावरच्या बाई खुर्चीत दिसत नाहीत. रिमोट घेऊन पोरांत सतरंजीवर बसतात. फिल्म मध्येच थांबवून विचारतात, “पटलं का?”

परवा नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पेरणीची फिल्म होती. मी खडू मागायला दारात आलो होतो. एक मुलगी म्हणाली, “नाय पटलं. आधी पाला जाळून जमीन भाजायला लागते. यांनी तशीच पेरली.”

बाईंनी रिमोट तिला दिला आणि स्वतः तिच्या जागेवर सरकल्या. मुलगी स्क्रीनपुढे उभी राहून राब कसा भाजतात ते सांगू लागली. तेवढ्यात तपासणीचे साहेब आले.

“शिक्षक कुठायत?”

“इथं आहे, सर,” बाई बसूनच म्हणाल्या. “बसा. तिचं होऊ द्या.”

साहेबांनी बूट काढले.

हल्ली कुणी शाळेचं विचारलं, की मी आधी सांगतो, बाईंच्या शेजारचा वर्ग माझा.