कांबळे काका आणि डाव्या हाताने लिहिणारा म्हातारा

ज्या माणसावर मी चोरीचा संशय घेतला, तो आज सकाळी गेला.

कांबळे काका. मरोळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे. साकीनाक्याला छोटा गाळा. लग्नपत्रिकांवर सोनेरी उठाव असतो ना, त्याचे पितळी ठसे हाताने कोरायचे.

मी शाळेत ड्रॉइंग शिकवते. माझ्या कॉलेजच्या सरांनी रिटायर होताना मला एक जुनं एनग्रेव्हिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, दिलं होतं. युरोपातलं, बरोक काळातलं, म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वीचं, असं सर म्हणायचे.

एक म्हातारा लिहीत बसलाय, वरून देवदूत झेपावतोय, कपड्यांच्या चुण्या नुसत्या उसळतायत.

मला शंका होती. कुणी फोटो काढून छापलेलं असेल तर?

म्हणून काकांना दाखवलं. त्यांनी भिंग लावलं. मग म्हणाले, चार दिवस ठेवून जा.

ठेवलं. पण आधी मोबाइलवर पुढून-मागून फोटो काढून घेतले. काकांनी ते बघितलं.

तिसऱ्या दिवशी राहवेना. गाळ्यावर गेले, तर काकांपुढे पितळेचा पत्रा, आणि त्यावर माझ्या देवदूताचा पंख.

"कॉपी काढताय?" मी विचारलं.

काकांनी बटर पेपर लावून चित्र माझ्या हातात दिलं.

घरी येऊन मी फोटोशी एकेक डाग ताडून बघितला. चित्र माझंच होतं, बदललेलं नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांच्या दारात गेले. सॉरी म्हणायला गेले होते, पण तोंडातून भलतंच आलं. "खरं आहे का हो ते?"

काकांनी आत बोलावलं. पत्रा पुढे ठेवला. पूर्ण पंख नव्हताच तो. एकच पीस, नऊ वेळा कोरलेलं.

"नऊच्या नऊ फसले," ते म्हणाले. "त्याची रेघ केसासारखी सुरू होते, मध्ये फुगते, परत केस होते. एका दमात. हत्यार ढकलत न्यायचं, आणि वळण आलं की हात नाही, पत्रा फिरवायचा. माझ्याने नाही झालं."

मग चित्र आणायला लावलं, आणि मला बघायला शिकवलं. अंधार सगळा कोरलेला. उजेड कुणी काढलेलाच नाही, तो नुसता कोरा कागद. फोटो छापला असता तर भिंगाखाली ठिपके दिसले असते. इथे रेघेवरची शाई किंचित उचललेली. कडेने तांब्याच्या पत्र्याच्या दाबाची खूण. किती जुनं ते मला नाही सांगता येणार, म्हणाले, पण हाताचं आहे.

म्हातारा डाव्या हाताने लिहितोय, हेही त्यांनीच दाखवलं. इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"कुणाचं तरी चित्र समोर ठेवून याने जसंच्या तसं कोरलं. छापल्यावर आरशासारखं उलटं झालं, उजव्याचा डावा हात झाला. नाव त्या चित्रकाराचं झालं असेल. हा आपल्यासारखा, कोरणारा."

नंतर चार-पाच वेळा त्यांनी ते चित्र बघायला नेलं. दर वेळी मला आधी फोटो काढायला लावायचे, परत देताना जुळवून बघायला लावायचे. मी हसण्यावारी न्यायचे.

ते हसायचे नाहीत.

काका बौद्ध, आम्ही सावंत. त्यांच्या जागी आमच्यातलं कुणी असतं, तर मी एवढ्या पटकन तसं विचारलं असतं का?

स्वतःला खूपदा विचारलंय. जे उत्तर येतं ते मला आवडत नाही.

दुपारी चारला घरून नेणार आहेत. ओळखत असाल तर या.

चुकलं माझं, काका.

जय भीम.